शक्य रूपे आणि प्रयुक्त रूपे : विलक्षण हॅड्रॉनांच्या स्वरूपाचा प्रश्न

१. विषयप्रवेश

व्याकरणाचे नियम जी जी रूपे सिद्ध करतात ती सर्व लोकांच्या बोलण्यात आढळतातच असे नाही. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात हा प्रश्न उपस्थित केला आहे. ऊष, तेर, चक्र, पेच ही क्रियापदांची रूपे नियमांनुसार निर्दोष आहेत. परंतु ती कोणी योजताना दिसत नाही. मग ती आहेत असे म्हणावयाचे की नाहीत असे म्हणावयाचे? ह्या आक्षेपाला तेथे जी उत्तरे दिली आहेत त्यांपैकी दोन महत्त्वाची आहेत. पहिले असे की, त्याच अर्थी लोक दुसरी रचना वापरतात, म्हणून ही रूपे मागे पडतात. दुसरे असे की, शब्दप्रयोगाचे क्षेत्र फार विस्तीर्ण आहे. ते पुरते धुंडाळल्यावाचून ‘आढळत नाही’ असा निर्णय देणे धाडसाचे होय.

पदार्थाच्या मूलघटकांचा अभ्यास करणाऱ्या भौतिकीत १९६४ पासून जवळजवळ चाळीस वर्षे नेमक्या ह्याच स्वरूपाचा एक प्रश्न अनिर्णीत राहिला होता. प्रचलित सिद्धान्त ज्यांना मज्जाव करीत नाही असे काही कण निसर्गात सापडत नव्हते. २००३ नंतर ते सापडू लागले, आणि त्याबरोबर एक अधिक कठीण प्रश्न उभा राहिला : जे सापडले त्याची अंतर्गत रचना कोणती? प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही प्रश्नांचे स्वरूप स्पष्ट करण्याचे योजिले आहे. वाचकास भौतिकीचे विशेष ज्ञान आहे असे गृहीत धरलेले नाही. भाषाशास्त्रातील काही संज्ञांचा उपयोग येथे केला आहे तो केवळ सोयीसाठी. त्या साम्याची मर्यादा कोठे येते हेही यथास्थळी सांगितले आहे.

२. घटक आणि त्यांच्या जुळणीचा नियम

प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांच्यासारखे प्रबल परस्परक्रियेत भाग घेणारे जे संयुक्त कण, त्यांना हॅड्रॉन ही सामान्य संज्ञा आहे. मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग ह्यांनी १९६४ मध्ये, एकमेकांवर अवलंबून न राहता, असे प्रतिपादन केले की हे सर्व कण थोड्याशा मूलघटकांच्या जुळणीने बनलेले आहेत. गेल-मान ह्यांनी ह्या घटकांना ‘क्वार्क’ हे नाव दिले. त्याचा ध्वनी त्यांना आधी सुचला होता. लेखनरूप मात्र जेम्स जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’ ह्या ग्रंथातून मिळाले. झ्वाइग ह्यांनी त्याच घटकांना पत्त्यांतील एक्क्याचे नाव दिले होते. ते रूढ झाले नाही.

क्वार्कांचे सहा प्रकार आज ज्ञात आहेत : अप, डाउन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम आणि टॉप. पहिले तीन हलके व शेवटचे तीन जड होत. प्रत्येक क्वार्काचा एक प्रतिक्वार्क असतो. विद्युत्भाराखेरीज क्वार्काला आणखी एक भार असतो. त्याला ‘रंग’ असे म्हणतात. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. तो तीन प्रकारचा असतो, आणि तीन रंग एकत्र आले, किंवा एक रंग व त्याचा प्रतिरंग एकत्र आले, तर त्यांची बेरीज शून्य होते, एवढ्यापुरतेच ते नाव सार्थ आहे.

जुळणीचा नियम एकच : स्वतंत्रपणे वावरणारा कोणताही कण रंगहीन असला पाहिजे. एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क मिळून रंगहीन जोडी होते. तिला मेसॉन म्हणतात. तीन रंगांचे तीन क्वार्क मिळूनही रंगहीन समूह होतो. त्याला बॅरिऑन म्हणतात. प्रोटॉन हा दोन अप व एक डाउन क्वार्क मिळून झालेला बॅरिऑन होय. परंतु हा नियम येथेच थांबत नाही. दोन क्वार्क व दोन प्रतिक्वार्क, किंवा चार क्वार्क व एक प्रतिक्वार्क, हे समूहही रंगहीन होऊ शकतात. गेल-मान ह्यांच्या १९६४ च्या मूळ लेखातच ह्या शक्यतांचा उल्लेख आहे. म्हणजे ही ‘विलक्षण’ रूपे नियमाला अपवाद नव्हेत. ती नियमातूनच निष्पन्न होतात. विलक्षणता होती ती केवळ त्यांच्या अनुपलब्धीत.

३. अनुपलब्धीची कारणे

ही रूपे इतकी वर्षे का सापडली नाहीत? महाभाष्यातील पहिले उत्तर येथे चपखल लागू पडते. दोन क्वार्क व दोन प्रतिक्वार्क ह्यांचा समूह घेतला तर त्याची विभागणी दोन रंगहीन जोड्यांत नेहमीच करता येते. दोन मेसॉन स्वतंत्रपणे जे साधतात तेच साधण्यासाठी निसर्गाने चार घटकांचा एक कण का बांधावा? समूहाचे वस्तुमान दोन मेसॉनांच्या वस्तुमानांच्या बेरजेहून अधिक असेल तर तो तत्क्षणी विघटित होतो, आणि त्याचे अस्तित्व इतके क्षणिक ठरते की मोजमापात त्याचा उंचवटा पसरट होऊन आजूबाजूच्या घटनांत मिसळून जातो. रॉबर्ट जॅफी ह्यांनी १९७७ मध्ये हलक्या क्वार्कांच्या अशा समूहांची गणिते मांडली होती. परंतु हलके क्वार्क व प्रतिक्वार्क निर्वातातून सहज निर्माण होतात व सहज लय पावतात, म्हणून एखाद्या हलक्या कणात मुळात दोन घटक आहेत की चार, हे निश्चयाने सांगणे दुरापास्त होते.

एक प्रसंग येथे सावधगिरीचे उदाहरण म्हणून सांगितला पाहिजे. २००३ मध्ये जपानमधील स्प्रिंग-८ येथील प्रयोगात १५४० एमईव्ही (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रोटॉनचे वस्तुमान ह्या एककात ९३८ भरते) वस्तुमानाचा, पाच घटकांचा ‘थीटा’ कण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. थोड्याच अवधीत अनेक प्रयोगशाळांनी त्याला दुजोरा दिला. परंतु २००५ मध्ये अमेरिकेतील जेफर्सन प्रयोगशाळेत पुष्कळ अधिक घटना नोंदवून पाहिल्या असता तो कण दिसेना. पहिल्या प्रयोगांतील घटनांची संख्या तोकडी होती. शिलालेखातील झिजलेल्या अक्षरांत आपल्याला हवा तो शब्द वाचला जावा, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. ह्यानंतर पाच घटकांच्या कणाचे नाव काढणाऱ्याकडे संशोधक काही काळ साशंक दृष्टीनेच पाहू लागले.

४. जड क्वार्कांचे साह्य

ह्या कोंडीतून मार्ग निघाला तो जड क्वार्कांमुळे. चार्म क्वार्काचे वस्तुमान सुमारे १,२७० एमईव्ही आणि बॉटम क्वार्काचे सुमारे ४,२०० एमईव्ही आहे. प्रबल परस्परक्रियेची स्वाभाविक ऊर्जा दोनतीनशे एमईव्हीच्या आसपास असते. त्यामुळे चार्म व प्रतिचार्म ह्यांची जोडी निर्वातातून आपोआप उद्भवणे जवळजवळ अशक्य असते. एखाद्या कणाच्या क्षयातून चार्म-प्रतिचार्म जोडीचा सुपरिचित कण, म्हणजे १९७४ मध्ये सापडलेला जे/साय, बाहेर पडला, तर ती जोडी मूळ कणातच होती असे खात्रीने म्हणता येते. एखाद्या शब्दातील ठळक प्रत्ययावरून त्याचे कूळ ओळखावे, तसे हे चिन्ह आहे.

जड क्वार्कांचा दुसरा गुण म्हणजे त्यांच्या क्षयाची रीत. बॉटम क्वार्क दुर्बल परस्परक्रियेने क्षय पावतो आणि बहुधा त्याचे रूपांतर चार्म क्वार्कात होते. हे संक्रमण ज्या गुणांकावर अवलंबून असते तो सुमारे ०.०४ एवढा लहान आहे. त्यामुळे बॉटम क्वार्क असलेले बी-मेसॉन सुमारे दीड पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष कोटींश भागाच्या दीडपट, टिकतात. हा काळ आपल्याला नगण्य वाटेल. परंतु प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारा बी-मेसॉन जिनिव्हाजवळील लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये ह्या अवधीत सुमारे एक सेंटिमीटर अंतर कापतो, आणि त्याचा जन्मबिंदू व क्षयबिंदू वेगवेगळे ओळखता येतात. (टॉप क्वार्क मात्र इतका अल्पायुषी आहे की हॅड्रॉन बनण्यापूर्वीच तो क्षय पावतो, म्हणून ह्या विवेचनात त्याचे प्रयोजन नाही.) शिवाय बॉटमच्या क्षयात कित्येकदा चार्मबरोबर प्रतिचार्म व स्ट्रेंज हेही निर्माण होतात. म्हणजे ज्या जोडीचा शोध घ्यावयाचा ती एकाच ठिकाणी, हलक्या क्वार्कांच्या सान्निध्यात, आयती उपलब्ध होते. विलक्षण कणांच्या शोधाची खाण हीच.

तिसरा गुण सैद्धान्तिक आहे. पुरेसा जड क्वार्क कणाच्या मध्यभागी जवळजवळ स्थिर राहतो आणि हलके घटक त्याच्याभोवती वावरतात. हायड्रोजन व ड्यूटेरियम ह्यांच्या अणुकेंद्रांची वस्तुमाने भिन्न असूनही त्यांचे वर्णपट जवळजवळ सारखे असतात. तीच गोष्ट येथे. नेथन इस्गर व मार्क वाइज ह्यांनी १९८९-९० च्या सुमारास ह्या सममितीला निश्चित रूप दिले. जड क्वार्काच्या परिवलनाचा परिणाम त्याच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे तीवरून निघते. डी-मेसॉन आणि त्याचा उत्तेजित बंधू ‘डी-तारांकित’ ह्यांच्या वस्तुमानांतील अंतर सुमारे १४१ एमईव्ही आहे. बी आणि ‘बी-तारांकित’ ह्यांच्यातील ४५. ह्यांचे गुणोत्तर ०.३२ येते, आणि चार्म व बॉटम क्वार्कांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर ०.३०. ह्या दोन आकड्यांचा, १४१ व ४५ ह्यांचा, पुढे पुन्हा उपयोग व्हावयाचा आहे.

५. उपलब्धी

२००३ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील बेल प्रयोगात बी-मेसॉनांच्या सुमारे १५ कोटी २० लाख जोड्यांच्या क्षयांची छाननी चालू होती. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ह्या प्रयोगात सहभागी होती. जे/साय व दोन पायॉन ह्यांच्या एकत्रित वस्तुमानाचा आलेख काढला असता ३८७२ एमईव्हीजवळ एक अरुंद, टोकदार उंचवटा दिसला. चार्म-प्रतिचार्म जोडीच्या ज्ञात कणांत त्याला जागा नव्हती. त्याला एक्स (३८७२) असे नाव देण्यात आले. बीजगणितातील अज्ञात राशीचेच ते अक्षर.

एक्सला विद्युत्भार नाही; त्यामुळे तो चार घटकांचाच आहे असे केवळ त्याच्या अस्तित्वावरून सिद्ध होत नव्हते. तो पुरावा २०१३ मध्ये मिळाला. बीजिंगमधील बीईएस-३ प्रयोगाने आणि बेलने एकाच सुमारास झेड-सी (३९००) हा कण नोंदविला. तो जे/साय व एक विद्युत्भारित पायॉन ह्यांत विघटित होतो. चार्म व प्रतिचार्म मिळून भार शून्य होतो. मग कणाचा भार आला कोठून? त्यासाठी अप व प्रतिडाउन ह्यांसारखे आणखी दोन घटक मानल्यावाचून गत्यंतर नाही. युक्तिवाद साधा आहे, आणि त्यास फाटा देता येत नाही. बेलने २००७ मध्येच झेड (४४३०) हा असा भारित कण सुचविला होता. लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील एलएचसीबी प्रयोगाने २०१४ मध्ये त्याची पुष्टी केली.

पाठोपाठ, २०१५ मध्ये एलएचसीबीने लॅम्डा-बी ह्या बॅरिऑनच्या क्षयातून जे/साय व प्रोटॉन ह्यांत विघटित होणारे कण दाखविले. त्यांत चार्म, प्रतिचार्म आणि प्रोटॉनचे तीन, असे किमान पाच घटक आहेत. २०१९ मध्ये अधिक घटना हाती आल्यावर ४४५० जवळचा एकच वाटलेला उंचवटा ४४४० व ४४५७ अशा दोहोंचा आहे असे दिसले, आणि ४३१२ जवळ आणखी एक सापडला. महाभाष्यातील दुसरे उत्तर येथे खरे ठरले : प्रयोगाचे क्षेत्र विस्तारले तेव्हा अप्रयुक्त मानलेली रूपे प्रयुक्त निघाली.

६. एकार्थीभाव की व्यपेक्षा?

चार किंवा पाच घटक एकत्र आहेत, एवढे सांगितल्याने रचना कळत नाही. संस्कृत वैयाकरणांनी पदांच्या परस्परसंबंधाचे दोन प्रकार मानले आहेत. समासात पदे आपला पृथक् अर्थ गमावून एका नव्या अर्थात विलीन होतात, हा एकार्थीभाव. वाक्यात पदे आपापला अर्थ राखून केवळ एकमेकांची अपेक्षा करतात, ही व्यपेक्षा. विलक्षण हॅड्रॉनांविषयीचा मुख्य वाद ह्याच धर्तीचा आहे. एका पक्षाच्या मते चारही घटक एकाच लहानशा आवारात, दोन मेसॉनांची ओळख शिल्लक न ठेवता, बांधलेले असतात. ह्याला आपण ‘संहत’ रचना म्हणू. दुसऱ्या पक्षाच्या मते दोन संपूर्ण मेसॉन, अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांप्रमाणे, एकमेकांना सैलपणे धरून असतात. ही ‘रेणुरूप’ रचना. तिसराही एक पक्ष आहे. त्याच्या मते काही उंचवटे हे कणच नव्हेत. दोन मेसॉन निर्माण होण्याइतकी ऊर्जा जेथे प्रथम उपलब्ध होते त्या उंबरठ्यावर गणिताच्या स्वाभाविक परिणामामुळे आलेखात टोक उमटते, तेवढाच तो आभास.

रेणुरूप पक्षाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे वस्तुमाने. एक्सचे वस्तुमान सुमारे ३८७१.६ एमईव्ही आहे. उदासीन डी व उदासीन डी-तारांकित ह्यांची बेरीज ३८७१.७. ह्या दोहोंतील अंतर एक दशांश एमईव्हीच्या घरात आहे. पाच घटकांच्या कणांपैकी ४३१२ व ४४५७ हे सिग्मा-सी बॅरिऑन आणि डी-मेसॉन ह्यांच्या जोड्यांच्या उंबरठ्यांच्या किंचित खाली आहेत. बेलने २०११ मध्ये जाहीर केलेले झेड-बी हे दोन भारित कण अनुक्रमे १०६१० व १०६५० ह्या आकड्यांनी ओळखले जातात. ते बी-मेसॉनांच्या दोन उंबरठ्यांलगत आहेत आणि त्यांच्यातील अंतर सुमारे ४५ एमईव्ही आहे. झेड-सी (३९००) व त्याचा जोडीदार झेड-सी (४०२०) ह्यांच्यातील अंतर १४० च्या जवळपास येते. वर सांगितलेले ४५ व १४१ हेच आकडे येथे परत आले आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. कणांच्या आत मेसॉन आपली ओळख राखून असावेत, असे ह्यावरून वाटते.

एक्सच्या क्षयातील एक विसंगतीही ह्यातून उलगडते. तो जे/सायबरोबर कधी दोन तर कधी तीन पायॉन देतो, आणि दोन्ही प्रकार तुल्य प्रमाणात घडतात. तो केवळ चार्म-प्रतिचार्म जोडी असता तर आयसोस्पिनच्या नियमाने दोन पायॉनांचा प्रकार फारच विरळ झाला असता. परंतु विद्युत्भारित डी-मेसॉनांच्या जोडीचा उंबरठा ८ एमईव्हीने वर आहे. एक्स उदासीन जोडीच्या उंबरठ्याला अगदी चिकटून असल्यामुळे त्याच्यात उदासीन जोडीचे प्राबल्य होते, अप व डाउन ह्यांच्यातील समतोल ढळतो, आणि नियमभंग स्वाभाविक ठरतो.

तथापि प्रतिपक्ष निरुत्तर नाही. इतक्या सैल बंधाचा कण शुद्ध रेणुरूप असेल तर त्याचा विस्तार प्रोटॉनच्या त्रिज्येच्या दसपटीहूनही अधिक असला पाहिजे. असा विरळ कण प्रोटॉनांच्या प्रचंड ऊर्जेच्या टकरीत, जेथे सर्व काही वेगाने उधळले जाते तेथे, विपुल प्रमाणात कसा निर्माण होतो? तो तसा होतो हे अमेरिकेतील टेव्हाट्रॉनवर व नंतर लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर दिसून आले आहे. शिवाय एक्स प्रकाशकण टाकून ज्या कणांत रूपांतरित होतो त्यांचे एलएचसीबीने २०१४ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये मोजलेले प्रमाण शुद्ध रेणुरूप रचनेशी जुळत नाही. त्याच्यात संहत अंशही असावा असे त्यावरून सूचित होते.

भाषेशी असलेले साम्य येथे संपते. समास आणि वाक्य ह्यांत वैयाकरणाला निवड करावी लागते. क्वांटम व्यवस्थेत मात्र ज्या अवस्थांचे परिवलन, समता इत्यादी गुण एकच आहेत त्या एकमेकींत मिसळतात. मिसळणे हा तेथील नियम आहे. एक्सचे परिवलन १ व समता धन आहे, हे एलएचसीबीने २०१३ मध्ये निश्चित केले. चार्म-प्रतिचार्म जोडी, दोन मेसॉनांचा रेणू आणि चार घटकांचा संहत समूह, ह्या तिन्ही अवस्था ते गुण धारण करू शकतात. म्हणून ‘एक्स कोणता?’ हा प्रश्न ‘एक्समध्ये कोणता अंश किती?’ असा विचारला पाहिजे. स्टीव्हन वाइनबर्ग ह्यांनी १९६५ मध्ये ड्यूटेरॉनच्या संदर्भात हा प्रश्न मापनाच्या कक्षेत आणला होता. सैल बंधाच्या कणाची बंधऊर्जा आणि त्याच्या घटकांचे मंद वेगातील विकिरण ही दोन्ही ज्ञात असतील तर त्यात रेणुरूप अंश किती आहे ते काढता येते. २.२ एमईव्ही बंधऊर्जेचा ड्यूटेरॉन ह्या कसोटीवर प्रोटॉन व न्यूट्रॉन ह्यांचा संयोग ठरला. तीच कसोटी आज विलक्षण हॅड्रॉनांना लावली जात आहे.

७. निर्णायक उदाहरण

२०२१ मध्ये एलएचसीबीने एक निराळाच कण जाहीर केला : दोन चार्म क्वार्क, एक प्रतिअप व एक प्रतिडाउन. त्याचे नाव टी-सीसी (३८७५). येथे चार्मबरोबर प्रतिचार्म नाही. म्हणून ते परस्परांत लय पावू शकत नाहीत, आणि चार घटकांविषयी संशयाला जागाच राहत नाही. तो डी व डी-तारांकित ह्यांच्या उंबरठ्याच्या केवळ ०.३६ एमईव्ही खाली आहे. इतक्या अल्प बंधऊर्जेवरून त्याचा विस्तार सुमारे साडेसात फर्मी येतो. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फर्मी आहे. अर्थात् हा कण रेणुरूप असण्याकडेच पुराव्याचा कल आहे.

ह्याच साच्यात चार्मच्या जागी बॉटम घातला की चित्र पालटावे अशी अपेक्षा आहे. दोन जड क्वार्क एकमेकांजवळ आले असता त्यांच्यातील रंगाकर्षणाची बंधऊर्जा वस्तुमानाबरोबर वाढते. दोन बॉटम मिळून एक अत्यंत लहान युग्म होईल. रंगाच्या दृष्टीने ते एका जड प्रतिक्वार्कासारखे वागेल, आणि दोन हलके प्रतिक्वार्क त्याच्याभोवती, प्रतिबॅरिऑनात असतात तसे, बांधले जातील. मारेक कार्लिनर व जोनाथन रोझ्नर ह्यांनी दोन चार्म असलेल्या क्साय-सीसी ह्या बॅरिऑनचे वस्तुमान २०१४ मध्ये ३६२७ एमईव्ही वर्तविले होते; २०१७ मध्ये तो ३६२१ वर सापडला. त्याच पद्धतीने त्यांनी २०१७ मध्ये दोन बॉटमच्या चतुष्काचे वस्तुमान १०३८९ एमईव्ही, म्हणजे संबंधित उंबरठ्याच्या २१५ खाली, काढले. अवकाश-कालाचे जालक कल्पून संगणकावर केलेल्या गणितांतून, ज्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितांचाही समावेश आहे, बंधऊर्जा साधारणपणे शंभर ते दोनशे एमईव्हीच्या दरम्यान येते. आकडे भिन्न असले तरी बंध दृढ आहे ह्याबद्दल एकवाक्यता आहे.

एवढा दृढ बंध दोन सैल मेसॉनांचा असू शकत नाही. असा कण प्रबल परस्परक्रियेने विघटित होऊ शकणार नाही. बॉटमच्या दुर्बल क्षयानेच तो नष्ट होईल, आणि म्हणून तो मोजण्याजोगे अंतर चालून जाईल. त्याचा शोध लागला तर एकार्थीभावाचे निःसंदिग्ध उदाहरण हाती येईल. योग्य जागी शोधूनही तो मिळाला नाही तर रंगाकर्षणाविषयीची आपली समजूत तपासून पाहावी लागेल. अद्याप तो आढळलेला नाही, कारण एकाच टकरीत दोन बॉटम क्वार्क निर्माण होऊन ते एकमेकांजवळ राहणे अतिशय दुर्मिळ आहे. दरम्यान, दोन चार्म व दोन प्रतिचार्म असलेला ६९०० एमईव्हीचा कण एलएचसीबीने २०२० मध्ये नोंदविला आहे. त्यात हलका क्वार्क एकही नसल्यामुळे मेसॉनांना जोडणारे हलके दुवेच नाहीत. संहत पक्षाला ह्या कणाचा विशेष आधार वाटतो.

८. नावांविषयी थोडे

प्रस्तुत लेखकाच्या विषयाशी ज्याचा साक्षात् संबंध आहे असा एक मुद्दा शेवटी मांडणे आवश्यक वाटते. न सापडलेल्या वस्तूला नाव देण्याची एक सुबुद्ध रीत मेंडेलीव्हने घालून दिली होती. त्याने १८७१ मध्ये अज्ञात मूलद्रव्यांना संस्कृत संख्याशब्द जोडून एक-बोरॉन, एक-अ‍ॅल्युमिनियम, एक-सिलिकॉन अशी नावे दिली. त्या नावांत कोष्टकातील स्थान सांगितले होते; वस्तूच्या स्वरूपाविषयी अधिक दावा नव्हता. विलक्षण हॅड्रॉनांच्या बाबतीत एक्स, वाय, झेड ही अज्ञानदर्शक अक्षरे प्रथम रूढ झाली आणि कणांची संख्या वाढताच अपुरी पडली. २०२२ मध्ये एलएचसीबीने सुव्यवस्थित पद्धती सुचविली : चार घटकांना टी, पाच घटकांना पी, वर आयसोस्पिन व समता ह्यांची खूण, खाली जड क्वार्कांची. एक्स (३८७२) ह्याचे कोष्टकातील अधिकृत नाव तर आता काय-सी-१ (३८७२) असे आहे. ते केवळ त्याच्या परिवलनादी गुणांवरून दिलेले आहे.

ह्या नावांचा विशेष हा की ती मोजलेले तेवढेच सांगतात. घटक किमान किती आणि गुण कोणते हे नावात येते. रचना संहत की रेणुरूप हे येत नाही, कारण ते अजून ठरलेले नाही. मराठीत परिभाषा घडविताना हाच विवेक पाळला पाहिजे. ‘चतुष्क्वार्क’ व ‘पंचक्वार्क’ हे शब्द सुटसुटीत आहेत आणि ते स्वीकारण्यास हरकत नाही. मात्र मराठी वाचकाला समास दिसला की घटक एकजीव झाले असे वाटते, आणि नकळत संहत पक्षाचा निकाल शब्दातच लागून जातो. म्हणून ही पदे केवळ संख्यावाचक मानावीत, आणि रचना सांगावयाची तेथे ‘संहत चतुष्क्वार्क’ किंवा ‘रेणुरूप चतुष्क्वार्क’ असे विशेषण स्वतंत्रपणे योजावे. पाठ्यपुस्तकात एकदा शिरलेली संज्ञा पुढील पिढीच्या विचाराला वळण लावते. तिच्यात जे सिद्ध झाले नाही ते भरून ठेवणे अनुचित होय.

सारांश, चाळीस वर्षे अप्रयुक्त राहिलेली रूपे जड क्वार्कांच्या क्षयामुळे आपल्यासमोर आली. त्यांचे अस्तित्व आता वादातीत आहे, त्यांची घडण नाही. काही उंबरठ्यांलगतचे सैल संयोग आहेत, काहींत अनेक अंशांचे मिश्रण आहे, आणि खरोखर एकजीव असा चतुष्क सिद्धान्ताने वर्तविला असला तरी प्रयोगाने अजून दाखविलेला नाही. दोन बॉटमच्या त्या कणाचा शोध हाच ह्या क्षेत्रातील पुढील कार्यक्रमाचा गाभा राहील, असे म्हणावयास हरकत नाही.